पाळतीच्या राज्यावर थ्रिलर कादंबरी कशी लिहायची: पहिल्या वहीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

पाळतीवरची कादंबरी लिहायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, उंच इमारती, खांबाखांबावर कॅमेरे, वर ड्रोन आणि खाली मान घालून चालणारी माणसं. मीपण तिथूनच सुरुवात केली होती. साठेक पानं झाली आणि गाडी अडली, कारण माझ्या सरकारला सगळंच दिसत होतं, सगळंच ऐकू येत होतं, मग नायिका पहिल्याच दिवशी का पकडली जात नाही याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती साठ पानं बाजूला ठेवली आणि उलट्या बाजूने सुरुवात केली, म्हणजे यंत्रणेला काय दिसत नाही, कुठे उशीर होतो, कुठे चुकते, कोण थकतं हे आधी ठरवलं. या लेखात तेच टप्प्याटप्प्याने सांगते. हा क्रम पाळलात तर कथेचा निम्मा प्लॉट दुसऱ्या पायरीत सांगितलेल्या वहीतूनच निघतो, हे अनुभवाने सांगतेय.

पहिली पायरी: यंत्रणेला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहा

"लोकांवर नियंत्रण" हे उत्तर चालणार नाही, ते फार ढोबळ आहे. एकच ठोस प्रश्न हवा. उद्या कोण पळून जाणार आहे? कोण कोणाला भेटतं? कोण खोटं आजारपण सांगून कामाला दांडी मारतं? प्रश्न बदलला की सगळं जग बदलतं. जे राज्य "कोण कोणाला भेटतं" एवढंच विचारतं त्याला तुम्ही काय बोललात हे ऐकायची गरजच नाही, फक्त दोन फोन एकाच ठिकाणी किती वेळ होते एवढी नोंद पुरते. आणि तिथे मग प्रेम लपवणं हे बंड लपवण्याइतकंच अवघड होऊन बसतं. बघा, एका वाक्यातून कथेचा सूर मिळाला.

दुसरी पायरी: दोन रकान्यांची वही

डावीकडे "दिसतं", उजवीकडे "दिसत नाही". प्रत्येक साधनासाठी हे करायचं, आणि इथे खरी माहिती लागते, अंदाजपंचे लिहू नका. फोनचंच घ्या. कॉल केला नाही तरी चालू फोन जवळच्या टॉवरशी अधूनमधून बोलत असतो आणि ती नोंद कंपनीकडे राहते, पण त्यातून ढोबळ परिसर कळतो, तुम्ही इमारतीच्या कितव्या मजल्यावर कोणत्या खोलीत आहात ते कळत नाही. जीपीएस मोकळ्या आकाशाखाली काही मीटरपर्यंत अचूक असतं, तळघरात गडबडतं. चेहरा ओळखणारी सिस्टीम चेहऱ्याचे आकडे बनवते आणि ते साठवलेल्या आकड्यांशी ताडून बघते, म्हणजे तिचं उत्तर कधीच "हाच तो" असं नसतं, "इतकं साम्य आहे" असं असतं, आणि किती साम्य म्हणजे तोच माणूस ही रेघ कोणीतरी माणसाने ओढलेली असते. ती रेघ कोणी ओढली, कोणाच्या दबावाखाली खाली आणली, हा तुमच्या कथेतला एक अख्खा प्रसंग होऊ शकतो.

सीसीटीव्हीचं फुटेज कायम राहत नाही, जागा संपली की जुन्यावर नवीन चढतं. शिवाय वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं अनेकदा एकमेकांशी जुळत नाहीत. ही गोष्ट कळली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच होते, कारण दोन कॅमेऱ्यांत चार मिनिटांचा फरक असेल तर नायिका कागदोपत्री एकाच वेळी दोन ठिकाणी असते, किंवा कुठेच नसते. त्या चार मिनिटांवर खून, सुटका, विश्वासघात, काहीही उभं राहू शकतं.

आणि फक्त नव्या साधनांच्या मागे लागू नका. इतिहासात इतकं काही पडलंय की कल्पना फिकी वाटते. रोमानियात १९८३ च्या एका आदेशाने टाईपरायटर बाळगणाऱ्यांना तो पोलिसांकडे नोंदवावा लागायचा, त्याच्या अक्षरांचा नमुना जमा करावा लागायचा, म्हणजे निनावी पत्रक सापडलं की कुठल्या मशीनवरचं ते शोधता यावं. १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला सोव्हिएत मुलांनी लाकडात कोरलेलं एक सुंदर मानचिन्ह भेट दिलं, ते त्याच्या घरात लागलं, आणि आत बोलणं चोरून ऐकणारं, बॅटरीसुद्धा नसलेलं यंत्र होतं ते १९५२ मध्ये उघडकीस आलं. सात वर्षं! बऱ्याच रंगीत लेझर प्रिंटरवर छापलेल्या कागदावर डोळ्यांना सहसा न दिसणारे पिवळे ठिपके असतात, त्यातून प्रिंटरचा नंबर आणि छापल्याची वेळ काढता येते. तुमच्या जगातल्या टाईपरायटरची, भेटवस्तूची, ठिपक्याची जागा कोण घेतं ते शोधा.

तिसरी पायरी: गणित करा, खरंच कागद पेन घेऊन करा

ही पायरी लेखक मंडळी टाळतात आणि माझ्या मते कादंबरी इथेच सापडते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा तुमच्या शहरात रोज १० लाख चेहरे कॅमेऱ्यासमोरून जातात. त्यात सरकारला हवे असलेले १०० जण आहेत. सिस्टीम जबरदस्त आहे, हव्या असलेल्या शंभरातले ९९ पकडते आणि साध्या माणसांच्या बाबतीत शंभरात फक्त एकदा चुकते. ऐकायला भारी वाटतं ना? आता मोजा. हवे असलेल्यांपैकी ९९ सापडले. उरलेल्या ९,९९,९०० निरपराध लोकांपैकी एक टक्का, म्हणजे ९,९९९ जणांवर उगाचच लाल खूण पडली. एकूण १०,०९८ खुणा, त्यातल्या खऱ्या ९९. शंभर लाल खुणांमागे एक खरा, तोही धड नाही.

आता या दहा हजार खुणा कोण तपासणार? प्रत्येकीला दोन मिनिटं धरली तर रोजचे साधारण ३३७ तास होतात, आठ तासांची ड्युटी धरली तर ४२ माणसं लागतात, तीही न थांबता, न जांभई देता काम करणारी. म्हणजे तुमच्या त्या सर्वशक्तिमान राज्याच्या पोटात कुठेतरी एक खोली आहे, तिथे ४२ माणसं स्क्रीनसमोर बसलीत, डोळे चुरचुरतायत, टार्गेट पूर्ण करायचंय, आणि दुपारी चारनंतर हो-नाहीची बटणं सवयीने दाबली जातायत. माझी नायिका पकडली गेली ती एका दमलेल्या माणसाने चार वाजून वीस मिनिटांनी "हो" दाबलं म्हणून. हे कळल्यावर मला व्हिलन मिळाला, आणि तो व्हिलन नव्हताच, त्याला घरी जायची घाई होती एवढंच.

यात काही अतिशयोक्ती नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉईट भागात एका माणसाला चेहरा ओळखणाऱ्या सिस्टीमच्या चुकीच्या जुळणीमुळे त्याच्या घरासमोर, बायको-मुलींच्या देखत बेड्या घातल्या गेल्या. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात ते हे. तुमच्या कथेत ओलं कोण आहे, त्याचं नाव, त्याचं घर, त्याला नेताना दारात कोण उभं होतं, हे ठरवून ठेवा.

चौथी पायरी: लोकांनी हे मान्य का केलं?

नुसत्या धाकाने एवढं राज्य चालत नाही. काहीतरी मिळालेलं असतं. हरवलेलं मूल दोन तासांत सापडलं, रांगा गेल्या, रात्री एकटीने फिरता येऊ लागलं. आणि हे फायदे खरे असायला हवेत, खोटे दाखवलेत तर तुमची गोष्ट भाषण होते. माझ्या कथेत नायिकेचा भाऊ लहानपणी कॅमेऱ्यांमुळेच वाचला होता, त्यामुळे ती पहिली शंभर पानं यंत्रणेच्या बाजूने भांडते, आणि मनापासून भांडते. वाचकालाही क्षणभर वाटलं पाहिजे की अरे, बरोबर आहे की हिचं. मग जे होतं ते जास्त लागतं.

काही वेळा तर कोणी मागितलंही नसतं, आपणच देऊन बसतो. एका फिटनेस ॲपने लोकांच्या धावण्याच्या मार्गांचा जगाचा नकाशा हौसेने प्रसिद्ध केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्यात ओसाड प्रदेशातले लष्करी तळ चक्क उजळून दिसतायत, कारण जवान रोज सकाळी कुंपणाच्या आतून धावत होते. कोणी हेरगिरी केली नव्हती. असा एखादा प्रसंग तुमच्या पहिल्या भागात पेरून ठेवा.

पाचवी पायरी: बघणारा माणूस

पूर्व जर्मनीच्या श्टासीचा, म्हणजे तिथल्या गुप्त पोलीस यंत्रणेचा, अभ्यास केल्याशिवाय हा प्रकार लिहायला घेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. साधारण १ कोटी ६० लाखांचा देश, १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पगारी कर्मचारी, आणि त्याशिवाय पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे, म्हणजे सहकारी, शेजारी, मित्र, काही ठिकाणी नवरासुद्धा. मागे राहिलेल्या फायली एका रांगेत लावल्या तर १११ किलोमीटर भरतात. लोकांच्या वासाचे नमुने कापडावर घेऊन काचेच्या बरणीत बंद करून ठेवलेले, कुत्र्यांना देण्यासाठी. शेवटी शेवटी घाईघाईत हाताने फाडलेले कागद, सुमारे १६ हजार पोती, आणि ते तुकडे पुढे वर्षानुवर्षं जोडत बसलेली माणसं.

या सगळ्यातली मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट सांगू? १९७६ च्या एका निर्देशाने त्यांनी एक पद्धत पक्की केली, माणसाला अटक करायची नाही, आतून पोखरायचं. त्याच्या नोकरीत अडचणी, त्याच्याबद्दल अफवा, आणि कधी कधी तो बाहेर असताना घरात शिरून वस्तू जराशा हलवून ठेवायच्या. बाकी काही नाही. तक्रार काय करणार? सांगितलं तर लोक त्यालाच वेडा म्हणणार.

तर तुमच्या कथेत बघणारा एक माणूस ठेवा आणि त्याला पूर्ण माणूस करा. त्याला ऐकायला काय आवडतं, कोणाचं रेकॉर्डिंग तो उगाच पुन्हा ऐकतो, कोणती नोंद त्याने लिहिली नाही. एक न लिहिलेली नोंद म्हणजे त्याचा गुन्हा, आणि आता त्याच्यावरही पाळत बसू शकते. इथून दोन धागे समांतर चालायला लागतात.

सहावी पायरी: नायकाचं छोटंसं खोटं

क्रांतिकारक नायक घेऊ नका, निदान सुरुवातीला तरी नको. एक छोटं, समजण्यासारखं खोटं द्या. आईला भेटायला गेली पण फॉर्मवर वेगळा पत्ता लिहिला. एवढंच. मग ते झाकायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. चोराच्या मनात चांदणं ही म्हण या प्रकारच्या कादंबरीचा कणा आहे, कारण इथे चोरी न केलेला माणूसही चोरासारखा वागायला लागतो, आणि त्याचं ते वागणंच यंत्रणेला संशयास्पद दिसतं. इंग्लंडच्या जेरेमी बेंथमने १८ व्या शतकाच्या शेवटी तुरुंगाचा जो आराखडा मांडला त्याची गंमत हीच होती, मधल्या मनोऱ्यात पहारेकरी आहे की नाही हे कैद्याला दिसतच नाही, त्यामुळे तो कायम आहे असंच समजून वागतो. तुमच्या कथेत एक जागा अशी ठेवा जिथे मनोरा रिकामा आहे, आणि नायिकेला ते फार उशिरा कळतं.

सातवी पायरी: प्लॉट चार कप्प्यांत मांडा

प्रत्येक महत्त्वाच्या घटनेसाठी चार ओळी लिहा: काय घडलं, काय नोंदलं गेलं, त्याचा काय अर्थ लावला गेला, आणि मग यंत्रणेने काय केलं. उदाहरण देते. घडलं असं की एक बाप मुलाच्या बुटाची नाडी बांधायला रस्त्यात थांबला. नोंद अशी: "८.५१, इसम थांबला, ४० सेकंद, कारण अज्ञात." अर्थ असा लावला की समोरच्या इमारतीवर नजर ठेवत होता, कारण त्याच ठिकाणी आदल्या आठवड्यात कोणीतरी दुसरं थांबलं होतं. आणि कृती म्हणजे त्याच्या कामाच्या ठिकाणी एक फोन गेला.

वाचकाला नाडी माहीत आहे, यंत्रणेला नाही. "कारण अज्ञात" हे दोन शब्द वाचताना वाचकाच्या पोटात गोळा येतो, आणि त्यासाठी तुम्हाला कुठेही "भयानक" असं लिहावं लागत नाही.

आता या चार कप्प्यांमधला वेळ बघा. घटना आणि नोंद यांत सेकंद जातात, नोंद आणि अर्थ यांत कधी दिवस, कधी महिने. हा उशीर म्हणजे तुमच्या थ्रिलरचं घड्याळ. सुरुवातीला उशीर मोठा ठेवा, तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट आज अंगावर येते. मध्यावर तो दोन दिवसांवर आणा. शेवटच्या भागात काही मिनिटांवर. वेग वाढवायला पाठलाग आणि गोळीबार लागत नाही, हा एक आकडा कमी करत न्या, बस. माझ्या वहीत प्रत्येक प्रकरणाच्या वर तो उशीर पेन्सिलने लिहिलेला असतो.

आठवी पायरी: सीन लिहिताना

ढोबळ लिहिलं तर असं होतं: "रेवाला जाणवलं की कोणीतरी घरात येऊन गेलंय. भीतीने तिचं अंग थरथरलं." यात काही दिसत नाही. आता हे बघा:

"रेवाने दार उघडलं, चपला काढल्या. खिडकीतलं रोप भिंतीकडे झुकलेलं होतं. गेले दोन महिने ते उजेडाकडे झुकत वाढलं होतं. तिने कुंडी फिरवून सरळ केली. मग थांबली, आणि हळूच परत भिंतीकडे फिरवून ठेवली. दिवा न लावता तशीच उभी राहिली."

कुंडी परत का फिरवली? कारण आपल्याला कळलंय हे त्यांना कळू नये म्हणून. तिची हुशारी, भीती, तिला या खेळाची झालेली सवय, सगळं त्या एका हालचालीत आलं. प्रत्येक सीनमध्ये अशी एक वस्तू शोधा, आणि ती वस्तू आधीच्या पन्नास पानांत कुठेतरी साधेपणाने येऊन गेलेली असू द्या, नाहीतर वाचकाला ती आयत्या वेळी आणून ठेवल्यासारखी वाटते.

संवादांचंही तसंच. भिंतीला कान आहेत हे ज्यांना माहीत असतं ती माणसं गप्प बसत नाहीत, उलट जास्त बोलतात, हवापाण्याचं, कामाचं, आणि खरी गोष्ट मध्येच एका चुकीच्या शब्दात सरकवतात. नवरा-बायकोने ठरवलेला एक शब्द असेल, समजा "छत्री", तर तो पहिल्यांदा सहज येऊ द्या, दुसऱ्यांदा अर्थासकट, आणि तिसऱ्यांदा तो शब्द भलत्याच माणसाच्या तोंडून येऊ द्या. तिसऱ्या वेळी काहीही समजावून सांगू नका.

नववी पायरी: सरकारची भाषा

इथे मराठीत लिहिणाऱ्यांच्या हातात आयतं हत्यार आहे. आपली कार्यालयीन भाषा. "सदर इसमास नजरेखाली ठेवण्यात आले." कोणी ठेवलं? वाक्यात कर्ताच नाही! "उपरोक्त प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" या वाक्यात माणूस शोधून दाखवा. नोंदी, नोटिसा, घोषणा सगळ्या अशा भाषेत लिहा, आणि घरातलं बोलणं एकदम उघडं, तुटक, बोलीतलं ठेवा. मग ज्या पानावर घरातला माणूस, म्हणजे भाऊ किंवा मैत्रीण, बोलता बोलता "करण्यात आलं" म्हणून जाईल, त्या पानावर वाचकाला कळेल की हा फुटला. नवे शब्द बनवायचे असतील तर थोडेच बनवा आणि ते गोड असू द्या, लोक "पाळत" म्हणत नसतील, "काळजी" म्हणत असतील. "तुमची काळजी घेतली जात आहे." मात्र नोंदींची पानं एकाच वेळी एका पानापेक्षा जास्त लांबवू नका, वाचक उड्या मारत पुढे जातो.

दहावी पायरी: शेवट

यंत्रणा कोसळते हा शेवट बहुतेक वेळा पटत नाही आणि नायिका संपते हा फार वेळा वाचलेला आहे. मी सुचवेन की पहिल्या पायरीतल्या प्रश्नाकडे परत जा. राज्य विचारत होतं "कोण कोणाला भेटतं", तर शेवटी त्याच प्रश्नाचं एक उत्तर यंत्रणेकडे चुकीचं राहू दे, किंवा बरोबर उत्तर मिळूनही ते देणाऱ्याने काय गमावलं ते दाखवा. पूर्व जर्मनीत १९९२ पासून लोकांना आपापल्या फायली वाचायला मिळू लागल्या, आणि कितीतरी जणांना तेव्हा कळलं की खबर देणारं माणूस घरातलंच होतं. राज्य संपलं होतं, तरी ते टेबल, ती फाईल आणि पान उलटावं की नाही म्हणून थांबलेला हात राहिलाच. माझ्या ड्राफ्टचा शेवट आता त्या हातापाशी आहे.

शेवटची पायरी: तपासणी

ड्राफ्ट झाला की दोन कॅलेंडरं करा. एकात तुमच्या पात्रांनी खरंच काय केलं, तारीख-वेळेसकट, आणि दुसऱ्यात यंत्रणेला कधी काय कळलं. दोन्ही शेजारी ठेवून ओळीने बघत जा. जिथे यंत्रणेला माहिती असायला हवी होती पण ती गप्प बसली, तिथे कारण द्या किंवा सीन बदला. जिथे तिला कळायचं काही कारणच नव्हतं तरी ती दारात आली, तिथे तुम्ही प्लॉटच्या सोयीसाठी फसवणूक केलीय, ते काढून टाका. मला पहिल्या फेरीत अशा चौदा जागा सापडल्या, त्यातल्या तीन दुरुस्त करताना तर अख्खी प्रकरणं नव्याने लिहावी लागली.

मग हस्तलिखित दोघा-तिघांना वाचायला द्या आणि "कसं वाटलं" असं विचारू नका. पेन्सिल द्या, आणि सांगा की वाचताना ज्या ओळीला स्वतःचा फोन उलटा करून ठेवावासा वाटला तिथे फक्त एक टिंब काढ. टिंबं जिथे दाट आहेत ती पानं हलवू नका. जिथे सलग तीस पानांत एकही टिंब नाही, तिथे दुसऱ्या पायरीतली वही परत उघडा आणि उजवीकडचा रकाना वाचायला घ्या.